वर्गप्रकल्पातली जोडणी: सुरतेतील जावा आणि डेटाबेस

जावात लिहिलेले वेब ॲप्लिकेशन डेटाबेसला जोडायचे म्हणजे तीन स्वतंत्र यंत्रणांना एकमेकींशी बोलते करायचे. ब्राउझरकडून विनंती येते. टॉमकॅटसारखा सर्व्हर ती जावाच्या एखाद्या क्लासकडे सोपवतो. तो क्लास डेटाबेसला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारतो आणि मिळालेल्या ओळींचे पान करून ब्राउझरला परत धाडतो. जावा आणि डेटाबेस यांच्यामध्ये जेडीबीसी नावाची ठरावीक आज्ञांची चौकट असते, आणि त्या आज्ञा विशिष्ट डेटाबेसला कळतील अशा करून देणारा ड्रायव्हर असतो. संगणकशाखेच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे काम पदवी मिळेपर्यंत एकदा तरी येतेच. सुरतेत ते अभियांत्रिकीच्या ‘ॲडव्हान्स जावा’ या विषयात येते, बीसीए आणि एमएससी आयटीच्या प्रकल्पात येते, पदविकेच्या शेवटच्या वर्षातही येते.

या कामाचा इतिहास पुस्तकांपेक्षा विद्यार्थ्यांच्या कोडमध्येच अधिक नीट टिकला आहे. प्रकल्पाचा कोड क्वचितच कोऱ्या फाइलवर सुरू होतो. तो सीनियरकडून येतो, पेनड्राइव्हवरून पुढे सरकतो, नाव आणि विषय बदलून पुन्हा सादर होतो. जोडणीचा भाग मात्र चालतो आहे तोवर कोणी हलवत नाही. त्यामुळे तिथे वेगवेगळ्या सालांचे थर साठत जातात. ड्रायव्हरचे नाव किंवा पोर्टचा आकडा पाहून तो कोड मुळात कोणत्या काळातला, हे बऱ्यापैकी सांगता येते.

सुरतेत तंत्रशिक्षणाची घडी संगणकाच्या आधीची आहे. मजुरा गेटजवळचे गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून पदविका देते. इच्छानाथ येथे १९६१ मध्ये सरदार वल्लभभाई प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. केंद्र आणि राज्य यांनी मिळून चालवायच्या महाविद्यालयांपैकी ते एक. २००२ मध्ये ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. दक्षिण गुजरात विद्यापीठाला २००४ मध्ये कवी नर्मदाचे नाव मिळाले. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी ही १९१२ ची जुनी संस्था. तिने अठवालाइन्सवर अभियांत्रिकी महाविद्यालय काढले ते १९९५ मध्ये, म्हणजे जावा जगासमोर आली त्याच वर्षी. २००७ च्या कायद्याने गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये नर्मद विद्यापीठाकडून तिकडे गेली. तेव्हापासून सुरतेत एकाच विषयाचे दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी नांदतात: अभियांत्रिकीचा अहमदाबादहून ठरणारा, आणि बीसीए-एमएससीचा गावातच ठरणारा.

या वर्गांत मराठी मुलेही असतात. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशाला सुरतेशी जोडले. याच मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची माणसे कापडाच्या कामासाठी उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थायिक झाली. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. अशा शाळेतून आलेला मुलगा घरी अहिराणी किंवा मराठी बोलतो, प्रयोगशाळेत गुजराती, आणि परीक्षेत इंग्रजी लिहितो. या तिन्ही लिप्या डेटाबेसमध्ये शिरल्या की काय होते, ते पुढे येईलच.

जावाच्या आधी डेटाबेस शिकवला जात नव्हता असे नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना संबंधात्मक डेटाबेसची कल्पना मांडली, एसक्यूएलचे पहिले रूप १९७४ चे, आणि ओरॅकलने ती विकण्याजोगी केली १९७९ मध्ये. पण नव्वदच्या दशकात व्यापारी गावांतल्या संगणकांवर दिसत ते डीबेस आणि फॉक्सप्रो. तिथे डेटाबेस म्हणजे एका फोल्डरमधली फाइल. प्रोग्राम ती थेट उघडत असे. मध्ये ड्रायव्हर नाही, पासवर्ड नाही. दुकानातल्या एका यंत्रावर, एका मुनिमासाठी, ते पुरे होते. नंतर व्हिज्युअल बेसिक आले आणि मागे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस. या जोडीने विद्यार्थ्यांना एक नवी पायरी शिकवली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘डीएसएन’ तयार करायचा, म्हणजे डेटाबेसच्या फाइलला एक टोपणनाव द्यायचे, आणि प्रोग्राममध्ये फक्त ते टोपणनाव वापरायचे. त्यामागे होते १९९२ मधले ओडीबीसी: कोणत्याही प्रोग्रामने कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलावे यासाठीचा मायक्रोसॉफ्टचा मार्ग.

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा २३ मे १९९५ रोजी जाहीर केली, तेव्हा तिचे आकर्षण वेब पानावर नाचणाऱ्या ॲपलेटमध्ये होते. डेटाबेसचा विचार लगोलग झाला. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या जेडीके १.१ मध्ये जेडीबीसी अंतर्भूत होते. त्याची घडण ओडीबीसीच्याच वळणाची होती, कारण दोघांचा पाया एकच प्रमाणक होते. अडचण ड्रायव्हरची होती. प्रत्येक डेटाबेससाठी जावाचा ड्रायव्हर अजून तयार नव्हता, पण ओडीबीसीचे ड्रायव्हर सगळीकडे होते. म्हणून सनने एक तात्पुरता पूल दिला: जेडीबीसीची आज्ञा ओडीबीसीत बदलून पुढे देणारा. ड्रायव्हरचे चार प्रकार सांगितले जातात, त्यांत हा पहिला. दुसऱ्या प्रकारात डेटाबेस कंपनीच्या स्थानिक लायब्ररीची मदत घ्यावी लागते, तिसऱ्यात मध्ये आणखी एक सर्व्हर असतो, आणि चौथा संपूर्ण जावातला, थेट डेटाबेसशी बोलणारा. व्यवहारात टिकला तो चौथा.

पूल केवळ प्रयोगापुरता वापरावा, दुसरा ड्रायव्हर मिळाला की सोडून द्यावा, असे सननेच सांगितले होते. वर्गाने मात्र नेमका तोच धरून ठेवला, आणि त्यात मूर्खपणा नव्हता. प्रयोगशाळेतल्या विंडोजच्या यंत्रावर ॲक्सेस आधीच असे, डीएसएन कसा करायचा हे व्हिज्युअल बेसिकच्या तासाला शिकून झालेले असे, आणि काहीही वेगळे उतरवून घ्यावे लागत नसे. इंटरनेट धिमे आणि महाग असण्याच्या काळात शेवटचा मुद्दा निर्णायक होता. सॉफ्टवेअर मिळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मासिकांबरोबर येणारी सीडी. जे यंत्रावर आहे त्यावर काम भागवायचे, हा त्या काळचा साधा हिशेब.

वेबचा भाग थोडा उशिरा आला. ॲपलेट ब्राउझरमध्ये चालत असे. सर्व्हलेट ही त्याची उलट बाजू, सर्व्हरवर चालणारी. १९९९ मध्ये जेएसपी आले, म्हणजे एचटीएमएलच्या पानातच जावा लिहिण्याची सोय झाली. त्याच वर्षी सनने आपला सर्व्हलेट-जेएसपी चालवणारा कोड अपाची संस्थेला दिला आणि त्यातून टॉमकॅट उभा राहिला. फुकट, हलका आणि कोणत्याही यंत्रावर चालणारा सर्व्हर मिळाल्यावर जावाची वेब बाजू महाविद्यालयांच्या आवाक्यात आली. त्याआधी ‘जावाचा प्रकल्प’ म्हणजे खिडकीत बटणे मांडलेला डेस्कटॉप प्रोग्राम असे; त्यानंतर लॉगिनचे पान हे प्रकल्पाचे प्रवेशद्वार झाले.

टॉमकॅटने एक नवी चूकही आणली, आणि ती आजवर टिकली आहे. डेस्कटॉप प्रोग्रामला ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथमध्ये, म्हणजे क्लास शोधायच्या जागांच्या यादीत, सापडत असे. टॉमकॅट तो क्लासपाथ पाहत नाही. त्याला ती फाइल ॲप्लिकेशनच्या ‘वेब-इन्फ’ फोल्डरमधल्या ‘लिब’मध्ये हवी असते, नाही तर स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत चालणारा कोड ब्राउझरमधून चालवताच ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणतो, याचे कारण बहुधा एवढेच असते. टॉमकॅट ५ पर्यंत सर्व्हरचे असे फोल्डर एकाहून अधिक होते, त्यांत ‘कॉमन’मधला लिब हा विद्यार्थ्यांच्या ओळखीचा, सहाव्या आवृत्तीत ते एकत्र झाले. ज्या प्रयोगपुस्तिकेत ‘कॉमनच्या लिबमध्ये जार टाका’ असे लिहिलेले असते, तिचा तो मजकूर पाचव्या आवृत्तीच्या काळातला किंवा त्याहून जुना, हे निश्चित.

डेटाबेसच्या बाजूला दोन घराणी होती. एक ओरॅकलचे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ‘स्कॉट’ हे तयार खाते आणि ‘टायगर’ हा त्याचा पासवर्ड असे. ब्रूस स्कॉट हे कंपनीचे सुरुवातीचे प्रोग्रामर, आणि टायगर हे त्यांच्या घरातल्या मांजराचे नाव. त्या खात्यात चौदा कर्मचारी आणि चार विभागांचे तक्ते असत. आयव्हन बेरॉस यांच्या एसक्यूएल-पीएल/एसक्यूएलवरच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला ओरॅकल म्हणजेच डेटाबेस वाटे. ओरॅकल यंत्राला जड जाई, म्हणून २००६ मध्ये आलेली त्याची मोफत एक्सप्रेस आवृत्ती महाविद्यालयांना सोयीची ठरली. चार गिगाबाइट डेटाची मर्यादा वर्गप्रकल्पाला कधी जाणवणारी नव्हती. जाणवली ती वेगळीच गोष्ट: या आवृत्तीचे व्यवस्थापनाचे वेब पान ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर उघडे, आणि टॉमकॅटचे ठरलेले पोर्टही ८०८०. दोन्ही एकाच यंत्रावर बसवले की जो आधी सुरू होईल त्याला जागा, दुसरा गप्प. सर्व्हर चालू केला तर ओरॅकलचे पान दिसते, हे कोडे तेव्हाच्या कित्येक प्रयोगशाळांत सोडवले गेले. कोणाच्या प्रकल्पात टॉमकॅट ८०८१ किंवा ९०९० वर दिसला, तर त्या कोडच्या पूर्वजाने ओरॅकल एक्सप्रेस पाहिले असावे, असा तर्क वावगा नाही.

दुसरे घराणे मायएसक्यूएलचे. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला हा डेटाबेस २००० मध्ये मुक्त परवान्याखाली आला. पुढे झॅम्प या एकगठ्ठा संचातून तो अपाची आणि पीएचपीबरोबर यंत्रावर येऊ लागला. त्यात मुख्य खात्याचे नाव ‘रूट’ आणि पासवर्ड रिकामा. रूट आणि रिकामे अवतरण ही जोडी इतकी रुजली की, पासवर्ड असू शकतो हेच अनेकांना पहिल्या नोकरीत कळते.

मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरच्या नावाने तर कालगणनाच करून ठेवली आहे. सुरुवातीचा ड्रायव्हर मार्क मॅथ्यूज यांनी एकट्याने लिहिला. नाव एमएम-मायएसक्यूएल, आणि क्लासच्या नावात ‘ऑर्ग-जीजेटी’ असा उपसर्ग. पुढे हे काम मायएसक्यूएल कंपनीने आपल्याकडे घेतले आणि नाव ‘कॉम-मायएसक्यूएल-जेडीबीसी-ड्रायव्हर’ झाले. २०१८ मध्ये स्थिरावलेल्या आठव्या आवृत्तीत मध्ये ‘सीजे’ ही दोन अक्षरे शिरली. जुने नाव दिले तरी आठवी आवृत्ती चालते, फक्त हे नाव आता जुने झाले असे बजावते. त्यामुळे २००५ चे नाव २०२४ च्या प्रकल्पात सुखाने नांदू शकते आणि नांदतेही.

आता ज्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद होतो ती ओळ. जेडीबीसीची कृती वर्गात पाच-सहा पायऱ्यांची सांगतात: ड्रायव्हर चढवा, जोडणी उघडा, आज्ञा तयार करा, ती चालवा, आलेल्या ओळी वाचा, जोडणी बंद करा. पहिली पायरी ‘क्लास डॉट फॉरनेम’ या आज्ञेने होते. ती ड्रायव्हरचा क्लास नुसता स्मृतीत आणते. येताना तो क्लास स्वतःच ‘ड्रायव्हर मॅनेजर’कडे आपली नोंद करतो. डिसेंबर २००६ च्या जावा ६ मध्ये जेडीबीसी ४ आले आणि ही नोंद आपोआप होऊ लागली: जार फाइलमध्येच ड्रायव्हरचे नाव लिहिलेले असते, जावा ते वाचून घेते. तेव्हापासून हुशार विद्यार्थी आणि मुलाखत घेणारे ही ओळ कालबाह्य म्हणून खोडतात. साध्या प्रोग्रामपुरते ते बरोबर आहे. पण टॉमकॅटखाली हा शोध सर्व्हर सुरू होताना एकदाच होतो, आणि तेव्हा ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या लिब फोल्डरमधला ड्रायव्हर त्याला दिसत नाही. अशा ड्रायव्हरची नोंद स्पष्टपणे करावी, असे टॉमकॅटच्या मार्गदर्शिकेतच लिहिले आहे. म्हणजे कारण न कळता उतरवून घेतलेली ती जुनी ओळ वेब प्रकल्पात योग्यच होती, आणि पुस्तक वाचून ती काढणारा फसतो. रूढीच्या बाजूने असा निकाल फार वेळा लागत नाही.

लेखनाचे साधन म्हणून बहुतेक वर्गांत नेटबीन्स आले. हे स्वतःच मुळात वर्गप्रकल्प होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९९६ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ते ‘झेल्फी’ या नावाने सुरू केले; १९९९ मध्ये सनने विकत घेतले आणि पुढच्या वर्षी मुक्त केले. नेटबीन्समध्ये उजवी कळ दाबून जोडणी तयार होते, सर्व्हर सुरू होतो, पान उघडते. सोय झाली, पण ड्रायव्हरची जार नेमकी कुठे जाते, हे विद्यार्थ्याला दिसेनासे झाले. महाविद्यालयातल्या यंत्रावर चालणारा प्रकल्प घरच्या यंत्रावर उघडला की अडतो, त्यामागे बहुधा हीच गोष्ट असते.

प्रकल्पांचे विषय सगळीकडे सारखेच: ग्रंथालय, रुग्णालय, वसतिगृह, परीक्षेचा निकाल. पाठ्यपुस्तकांनीही हेच दिले. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन हे ज्याचे सहलेखक आहेत, त्या डेटाबेसवरील प्रसिद्ध ग्रंथात बराच काळ बँकेचे उदाहरण होते. २०१० च्या सहाव्या आवृत्तीत त्या जागी विद्यापीठ आले. सुरतेत मात्र हाताशी असलेले दोन धंदे या विषयांपेक्षा कितीतरी सरस अभ्यासविषय पुरवतात.

हिऱ्याच्या कारखान्यात कच्च्या मालाच्या एका लॉटमधून पाकिटे पडतात. पाकीट आखणी, घाट, पॉलिश अशा हातांतून फिरते आणि दर टप्प्याला त्याचे वजन घटते. एकाच पाकिटातून दोन पाकिटे निघू शकतात, म्हणजे तक्त्याच्या ओळीला त्याच तक्त्यात आईबाप असतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट. किंमत सेंटावर ठरते. हे वजन विद्यार्थ्याने ‘डबल’ प्रकारात ठेवले तर दशांशांची बेरीज शंभर पाकिटांनंतर किंचित चुकते, आणि हिशेब जुळत नाही. ‘डेसिमल’ आणि जावातला ‘बिगडेसिमल’ कशासाठी आहेत, हे समजावायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. माल पसंतीवर दिला तर तो जांगड. विकला नाही, पण आपल्याजवळही नाही. ‘शिल्लक’ या एका रकान्यात ही अवस्था मावत नाही, तिला वेगळा तक्ता लागतो.

कापडाचेही तसेच. विणकराकडून आलेला ग्रे ताका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये जातो, तिथून आक्रसून परत येतो आणि रिंग रोडच्या बाजारात पोचतो. गेलेले मीटर आणि आलेले मीटर कधीच सारखे नसतात, तरी दोन्ही नोंदी खऱ्या असतात. ताका विणकराच्या खात्यातून वजा झाला आणि मिलच्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर काय? जेडीबीसीत प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होते, ही त्याची मूळ रीत. ती बंद करून दोन्ही आज्ञा मिळून पक्क्या करायच्या किंवा मिळून मागे घ्यायच्या, याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. अभ्यासक्रमात ते असते, पण पुस्तकांच्या देवघेवीच्या प्रकल्पात त्याची गरज पटत नाही. जमा-खर्चावर वाढलेल्या गावात ताक्याच्या उदाहरणाने लगेच पटते.

नावांचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी अडला. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीपर्यंत तक्ते मुळात ‘लॅटिन-१’ या युरोपीय अक्षरसंचात तयार होत. जावा आतून युनिकोड वापरते, ब्राउझरही वापरतो, पण साठवणीच्या टोकाला गुजराती किंवा देवनागरी अक्षराला जागाच नसे. ‘पाटील’ असे लिहून साठवले तर चार-पाच प्रश्नचिन्हे परत येत. टॉमकॅटही फॉर्ममधून आलेला मजकूर, वेगळे सांगितले नाही तर, युरोपीय संचातला समजे. दुरुस्ती तीन जागी करावी लागे: तक्त्याचा अक्षरसंच, जोडणीच्या पत्त्यातली नोंद, आणि सर्व्हलेटमध्ये मजकूर वाचण्याआधीची एक आज्ञा. तीनपैकी एक राहिली तरी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र अक्षरे कायम. याचा परिणाम असा की, गुजराती-मराठी ग्राहकांसाठीचे म्हणून सादर झालेले प्रकल्पही वर्षानुवर्षे फक्त इंग्रजी नावे घेत राहिले. तांत्रिक अडचण होती तीन ओळींची. सवय लागली ती भाषेची.

लॉगिनच्या पानात दुसरा धोका होता. फॉर्ममधून आलेले शब्द अवतरणचिन्हांनी जोडून एसक्यूएलचे वाक्य बनवणे ही वर्गातली सर्वमान्य पद्धत. पासवर्डच्या चौकोनात अवतरणचिन्ह टाकून पुढे ‘किंवा एक बरोबर एक’ या अर्थाची अट लिहिली की वाक्याचा अर्थच पालटतो आणि दार उघडते. हा हल्ला १९९८ मध्येच ‘फ्रॅक’ या इंग्रजी नियतकालिकात वर्णन केलेला आहे. त्यावरचा ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ हा उपाय जेडीबीसीत पहिल्यापासून होता: वाक्य आधी डेटाबेसला द्यायचे, मूल्ये नंतर वेगळी पाठवायची. तरीही पुस्तकांत तो ‘वेग वाढवणारी सोय’ म्हणून येतो, नि साध्या आज्ञेनंतरच्या धड्यात येतो. मग परीक्षेपुरता शिकलेला विद्यार्थी प्रकल्पात पहिलीच पद्धत वापरतो. हल्ला कोणी करत नाही; वसईचा एखादा डिसोझा इंग्रजीत आपले नाव वरच्या स्वल्पविरामासह लिहितो आणि पान कोसळते.

जोडणी बंद करण्याची शेवटची पायरी सर्वात दुर्लक्षित. प्रत्येक पान नवी जोडणी उघडते आणि सोडून देते. मायएसक्यूएल एका वेळी मुळात १५१ जोडण्या घेतो, पूर्वी १०० घेई. एकट्या विद्यार्थ्याच्या चाचणीत ही हद्द सहसा गाठली जात नाही, सादरीकरणाच्या दिवशी सगळ्या वर्गाने पान उघडले की गाठली जाते. यावर उपाय म्हणून काहींनी एकच जोडणी उघडून सगळ्यांसाठी जपून ठेवली, तर दुसरेच विघ्न आले: आठ तास वापर झाला नाही की मायएसक्यूएल ती जोडणी तोडतो. रात्री चालवून ठेवलेला प्रकल्प सकाळी परीक्षकासमोर पहिल्याच क्लिकला अडखळतो. नीट मार्ग म्हणजे जोडण्यांचा साठा ठेवणे, लागेल तशी घेणे नि परत देणे. टॉमकॅटमध्ये ती सोय पूर्वीपासून आहे आणि जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, जोडणी आपोआप बंद होईल असे लिहिताही येते. वर्गप्रकल्पात दोन्ही क्वचित दिसतात.

गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठाच्या ‘ॲडव्हान्स जावा’त जेडीबीसी, सर्व्हलेट, जेएसपी यांच्यापुढे जेएसएफ, हायबरनेट आणि स्प्रिंग या तयार चौकटीही ठेवल्या गेल्या. हायबरनेट २००१ चे, स्प्रिंगची पहिली आवृत्ती २००४ ची. दोन्ही उद्योगात रुळून बराच काळ लोटला होता. पण सत्राच्या अखेरीस आलेला विषय प्रकल्पात उतरत नाही. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प या विद्यापीठाने उद्योगाने सुचवलेले आणि विद्यार्थ्याने ठरवलेले असे दोन गटांत मांडले. पहिल्या गटातल्या मुलांना कंपनीत गेल्यावर हायबरनेट खरे दिसले, दुसऱ्यातली बहुतांशी जेएसपी आणि मायएसक्यूएलवर राहिली. प्रकल्पाचा छापील अहवाल तर आणखी जुन्या काळात राहतो. त्यातली ‘ई-आर’ आकृती पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली, डेटा-प्रवाहाच्या आकृत्या त्याच दशकातल्या. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत या आकृत्या कोड लिहून झाल्यावर, बहुधा आदल्या रात्री, काढल्या जातात.

जुना थर अचानक तुटण्याचे प्रसंग तीन आले. पहिला ॲक्सेसच्या पुलाचा. ६४ बिटांची विंडोज आणि जावा आल्यावर ३२ बिटांच्या ॲक्सेस ड्रायव्हरशी त्यांचे जुळेना; मार्च २०१४ मध्ये जावा ८ ने तो पूलच काढून टाकला. प्रयोगपुस्तिकेतला पहिला प्रयोग एका वर्षात निकामी झाला. दुसरा प्रसंग वेळेचा. मायएसक्यूएलच्या नव्या ड्रायव्हरने सर्व्हरला वेळेचा पट्टा विचारायला सुरुवात केली, सर्व्हरने भारतीय प्रमाणवेळेचे नाव सांगितले, आणि ड्रायव्हरला ते नावच कळेना. जोडणी नाकारली गेली. जोडणीच्या पत्त्यात ‘यूटीसी’ लिहा, असा उतारा सर्वत्र पसरला. चूक गेली, पण साठवलेल्या वेळा साडेपाच तासांनी सरकण्याची वाट मोकळी झाली. ‘एशिया/कोलकाता’ लिहिणे बरोबर होते, ते थोड्यांनीच लिहिले.

तिसरा प्रसंग मालकीचा. सनने २००८ मध्ये मायएसक्यूएल घेतले, २०१० मध्ये ओरॅकलने सनलाच घेतले, आणि अशा रीतीने वर्गातली दोन्ही घराणी जावासकट एका छत्राखाली आली. २०१७ मध्ये ओरॅकलने जावाची उद्योग आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले, पण नाव दिले नाही. त्यामुळे २०२० च्या अखेरीस सर्व्हलेटच्या क्लासच्या नावांतला ‘जावाएक्स’ हा उपसर्ग जाऊन ‘जकार्ता’ आला, आणि टॉमकॅट १० फक्त नवे नाव ओळखू लागला. सीनियरचा कोड नव्या टॉमकॅटवर टाकला की तो आता मुळीच चालत नाही. सगळे ‘जावाएक्स’ बदलून टाकणाराही फसतो, कारण डेटाबेसच्या बाजूचा ‘जावाएक्स-एसक्यूएल’ मूळ जावाचा भाग असल्याने तसाच राहिला आहे. यावर वर्गात निघालेला तोडगा साधा आहे: टॉमकॅट ९ वापरा.

अलीकडे स्प्रिंग बूट घेणाऱ्यांसाठी जोडणी तीन ओळींची झाली आहे: पत्ता, खाते, पासवर्ड. ड्रायव्हर पत्त्यावरून ओळखला जातो, जोडण्यांचा साठा आपोआप मिळतो. या तीन ओळी एका साध्या फाइलमध्ये असतात आणि प्रकल्पाबरोबर ती फाइलही गिटहबवर सर्वांसाठी खुली होते, पासवर्डसह. तोंडी परीक्षेत प्रश्न मात्र ठरलेला येतो: जेडीबीसी ड्रायव्हरचे चार प्रकार सांगा आणि पहिल्याची आकृती काढा. पहिला प्रकार २०१४ पासून जावात नाही. त्याला गुण पूर्ण मिळतात.